जावई, सासूबाई आणि एकच ट्रेनर

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून फिटनेस स्टुडिओ. निर्णय पूर्णपणे माझा. परवा कपाट सरकवायला बायकोने शेजाऱ्याला हाक मारली, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्याने खांदा लावला, कपाट सरकलं, आणि बायको त्याच्याकडे अशी बघत राहिली की जणू त्याने डोंगर हलवला. माझ्याकडे असं कौतुकाने बघून तिला किती वर्षं झाली असतील? ती पुन्हा तसं बघेपर्यंत आता माघार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पर्सनल ट्रेनर मिळाला. गडी एका जागी उभा म्हणून राहत नाही, सारखा टुणटुण उडतो. मनातल्या मनात त्याचं नाव स्प्रिंग ठेवलंय. माझी कुवत त्याने पहिल्या दिवशीच ओळखली. चकत्या न लावलेला रिकामा लोखंडी बार दिला. माझ्यासारख्यांना आधी टेक्निक शिकवतात. वजन काय, कुणीही उचलतं.

९ फेब्रुवारी
गेलो नाही. कालही नाही. रिकव्हरी. स्नायू आरामातच वाढतात, असं स्प्रिंगने स्वतः सांगितलंय. त्याच्या सगळ्या बोलण्यातलं तुम्हाला बरं तेवढंच ऐकू आलं, असं बायकोचं मत. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चांगलं लक्षण आहे.

१३ फेब्रुवारी
सासूबाई राहायला आल्या. निवृत्त नर्स. गुडघा कुरकुरतो म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. यांच्याच स्टुडिओत घालू या की, इति बायको. मी म्हटलं, तिथलं सगळं फार जड असतं गं. आईला झेपेल, म्हणाली. ‘आईला’वर जरा जोर दिल्यासारखा वाटला.

१६ फेब्रुवारी
घात झाला. तिथे एक ट्रेनर एका वेळी दोघांना शिकवतो, आणि स्प्रिंगकडे नेमकी माझ्याच वेळेची जागा रिकामी. म्हणजे सासूबाई आणि मी जोडीदार! एकाने व्यायाम करायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून वजनावर लक्ष ठेवायचं. सासूबाईंनी नवे बूट आणि जांभळे मोजे घेतलेत. स्प्रिंग त्यांना मावशी म्हणतो. मला सर.

२१ फेब्रुवारी
मावशी, एकदम कडक! मावशी, तुम्हाला तोड नाही! तासभर हेच. आणि मला काय? सर, श्वास घ्या. अरे, श्वास मी जन्मल्यापासून घेतोय, त्याची शिकवणी कशाला?
त्यांच्या बारला आज वजनाची चकती लागली. माझा अजून रिकामाच. मला हेवा बिलकुल वाटत नाही. चकती अगदी छोटी होती, एवढं फक्त लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी
जेवताना बायकोने आईचा दंड दाबून पाहिला. चक्क दाबून! आणि काय ते डोळे विस्फारणं! मीही सहज बाही वर केली. तर विचारते, डास चावला का? जळफळाट झाला. इथे कोण वाचतंय, कबूल करतो, झालाच.

३ मार्च
स्प्रिंगला कोपऱ्यात घेतलं. अत्यंत काळजीच्या सुरात सुचवलं की झेपत नसेल त्या माणसाला ज्येष्ठांच्या बॅचला हलवलेलं बरं, उगाच काही झालं तर केवढ्याला पडेल. स्प्रिंगचा चेहरा खुलला. म्हणाला, बरं झालं सर, तुम्हीच विषय काढलात, मला तुमच्याशी कसं बोलावं तेच कळत नव्हतं. सोमवारपासून या, तिथे खुर्चीत बसून असतं सगळं.
माझं डोकंच फिरलं. जाहीर करून टाकलं: शनिवारी बेंचवर झोपून बार उचलून दाखवतो, मावशींपेक्षा जास्त चकत्या लावून. बायकोलाही आमंत्रण दिलं. बघच म्हणावं.

७ मार्च, शनिवार
थोडक्यात लिहितो, हात वर जात नाही. बायको आली. चकत्या मी स्वतः निवडल्या. स्प्रिंग नको नको म्हणत होता, पण त्याला माझी प्रगती बघवत नाही. बार खाली अतिशय सुंदर आला. टेक्निक निर्दोष. वर जायचं तेवढं राहिलं. बार छातीवर आणि तोंडातून शब्द फुटेना. श्वासाचं स्प्रिंग म्हणत होता, त्यात थोडं तथ्य असावं. जोडीदार म्हणून मागे सासूबाई. स्प्रिंग उडी मारून पोचायच्या आत त्यांनी बार उचलून जागेवर ठेवला. वर म्हणाल्या, जावईबापू, बेशुद्ध पेशंटसुद्धा याहून जास्त मदत करतो हो. अख्खा स्टुडिओ हसला. बायको सगळ्यात जास्त.

८ मार्च
उठवत नाही. पण बायको बाम घेऊन स्वतःहून उशाशी बसली. छाती चोळता चोळता म्हणाली, कशाला हा खटाटोप? मी काय पैलवान बघून लग्न केलं होतं का? आवाज किती मऊ. कित्येक दिवसांत अशी शेजारी बसली नव्हती. म्हटलं, आता सांगून टाकावं, तू बघावंस म्हणूनच गं हे सगळं. तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सासूबाईंचं कण्हणं. कालपासून खांदा भरलाय म्हणे. बायको तशीच उठली. एवढं ओझं कुणी उचलायला लावलं हो आईला, असं मलाच विचारून बाम घेऊन आत गेली. दोघी खिदळताहेत. एक बाजू चोळायची राहिली आहे. हाक मारली, पण ऐकू गेली नसावी.