ओडवारची धार

११ जानेवारी

प्रेक्षकांत बसवलं मला! नऊ वर्षं आइस हॉकी संघाचा कप्तान असलेल्या माणसाला, कोट घालून! प्रशिक्षक लेनार्ट म्हणाला, "यूस्टाइन, तुझे पाय गेले. वळताना घसरतोस." स्वीडनहून येऊन हा आम्हाला बर्फ शिकवणार.

माझ्या जागी ट्रूल्स. कप्तानपदही त्यालाच. बारा वर्षं माझ्या शेजारी बचावाला उभा राहिलेला ट्रूल्स, माझ्या लग्नात भाषण करताना रडलेला ट्रूल्स! मान खाली घालून स्केट्स बांधत होता. एकदाही वर बघितलं नाही.

मध्यंतरात वॅफलच्या रांगेत उभा होतो. टेबलामागची बाई म्हणाली, "अरे, तू इकडे कसा?" वॅफल न घेताच परतलो.

१२ जानेवारी

पाय गेले म्हणे! चौतिसाव्या वर्षी!

१९ जानेवारी

घसरतोय हे खरं. पण मला बसवलं त्याचं कारण पाय नाहीत, कुणीतरी तोंड उघडलंय.

नोव्हेंबरात कठड्यावर आदळलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधार आला होता. त्यानंतर आणखी दोनदा, कुणी हात न लावता. हे फक्त बाबांना सांगितलं, क्लबमधल्या त्यांच्या धार लावायच्या खोलीत. रान्हिल्डलाही नाही – बायको आहे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे उभं केलं असतं. आणि डॉक्टरला कळलं की खेळ संपला. बाबांकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही.

त्यांच्यावर संशय घ्यायची सोयच नाही. सत्तावीस वर्षं सगळ्या संघाच्या स्केट्सना फुकट धार लावतात. इथे क्लबसाठी प्रत्येकजण काहीतरी फुकट करतो, कुणी वॅफल भाजतं, कुणी तिकिटं फाडतं. बाबा, म्हणजे सगळ्यांचा ओडवार, धार लावतात. एक सामना चुकवलेला नाही.

मग लेनार्टला सांगितलं कुणी? त्या दिवशी दाराबाहेर ट्रूल्स होता. ट्रूल्सच!

२ फेब्रुवारी

आज सरावानंतर सरळ विचारलं. "दाराला कान लावून ऐकलंस आणि माझी जागा खाल्लीस!"

"कुठलं दार? काय ऐकलं? डोकं फिरलंय का तुझं?" मग माझा स्केट उचलला. "सारखा घसरतोस म्हणून बघतोय, थांब."

पात्याची कड अंगठ्याच्या नखावरून ओढली. धार असेल तर नखाची पांढरी साल निघते. काही निघालं नाही. स्वतःच्या स्केटवर ओढलं – पांढरं भुरभुरलं.

"लोणी लावायची सुरी बरी," ट्रूल्स म्हणाला. मग माझा स्केट हळूच खाली ठेवला. मला आधी कळलं की त्याला, कोण जाणे.

आमच्याकडे ओडवारची धार कुणी तपासत नाही. नवा खेळाडू नख पुढे करू लागला तर सगळे त्याची टर उडवतात. मी तर त्यांचा मुलगा. आयुष्यात एकदाही तपासली नाही!

३ फेब्रुवारी

बाबा स्वयंपाकघरात ब्राऊन चीज कापत होते. स्केट्स टेबलावर आपटले.

नाकारलं नाही. सुरीही खाली ठेवली नाही. "तू म्हणालास, कुणाला सांगू नका. मी सांगितलं का कुणाला?"

"म्हणून हे केलंत?"

"आधी धार थोडी बोथट केली. तरी खेळत राहिलास. मग आणखी थोडी. हळू पळशील तर हळू आदळशील, एवढंच डोक्यात होतं."

"सगळं गाव हसलं मला!"

"हसू दे."

म्हटलं, यापुढे माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. आणि शत्रूनं केलं असतं तर चाललं असतं! शत्रूकडे धार लावायला गेलो नसतो. स्केट्स उचलून निघालो.

८ फेब्रुवारी

ट्रूल्सची माफी मागितली. म्हणाला, "गाढवा, कॉफी पाज." पाजली.

शेजारच्या गावातल्या दुकानात धार लावून आणली. गिऱ्हाइकांसमोर नखावर तपासली. लाज वाटली नाही.

२० फेब्रुवारी

खेळलो! ट्रूल्सला ताप, म्हणून शेवटी मला उतरवलं. काय पकडत होता बर्फ! दोन गोल माझ्या पासवर. लेनार्टनं मिठीच मारली. "हे पाय लपवून कुठे ठेवले होतेस?" आणखी दोन वर्षांचा करार देतोय. सही सोमवारी.

बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मशीन चालू होतं. मुद्दाम मोठ्यानं हसत पुढे गेलो.

२२ फेब्रुवारी

रान्हिल्ड विचारते, बाबा रविवारी जेवायला का येत नाहीत? म्हटलं, त्यांना विचार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहीआधी एकटाच बर्फावर उतरलो. नखावर आधी तपासलं – छान साल निघाली. डावीकडे वळलो. अंधार. जाग आली तेव्हा गाल बर्फाला चिकटलेला. आसपास कुणी नव्हतं. धार उत्तम होती.

बाबांना फोन लावला. म्हटलं, "तुमचा शब्द मोडा. लेनार्टला सांगा."

ते म्हणाले, "लागलं का रे?"