झाकणावरचं टक्कल

ता. ४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गेमचा कन्सोल आज परत पोचला. लेक लांब राहायला गेली तेव्हा तिने मला तो घेऊन दिला. रोज संध्याकाळी तिथून ती आणि इथून मी मोटारींची शर्यत लावतो. ती शर्यत बंद ठेवून मी तो तुझ्या यजमानांना, डॉक्टरांना दिला, कारण अर्धांगाच्या झटक्यानंतर बोटांना चालना मिळावी म्हणून त्यांना खेळायला सांगितलं होतं.

दिला तेव्हा झाकणावर केसाएवढीही रेघ नव्हती. परत आला तो फुलांचं स्टिकर लावून. कौतुकाने सोलून पाहिलं, तर खाली मांजराने नखं ओढल्यासारखे ओरखडे. शाळेत माझ्या फ्रॉकवर शाई सांडून वर बिल्ला लावून ठेवणारी तीच तू. चूक झाली तर सांगावं, झाकू नये.

शेजारीण म्हणाली, टूथपेस्ट घासा. तासभर घासली. ओरखडे जागच्या जागी, आणि मंद राखाडी झाकणावर मधोमध चकचकीत टक्कल. हेही तुझ्याच नावावर.

रागातही तुझीच,
ताई

ता. ९ जून

ति. ताईस,
सा. न.

दोन पानं झाकणावर, आणि ह्यांच्या हातावर एक ओळ नाही. धन्य आहेस.

ओरखडे ह्यांनीच पाडले. उजव्या हाताने कन्सोल उचलायला गेले, मला मदत करू दिली नाही. बोटांनी दगा दिला आणि तो कपाटाच्या कोपऱ्याला घासत खाली आला. तेव्हापासून ते ओरखडे दिसले की हे हात खिशात घालायचे. स्टिकर तुझ्यापासून लपवायला नव्हतं गं, त्यांच्यापासून होतं.

आता दातांचा दवाखाना विकायला काढलाय. एक तरुण दंतवैद्य खुर्चीसकट सगळं घ्यायला तयार आहे. माझं काही ऐकत नाहीत. आणि तू घास टूथपेस्ट.

माया आटवू नकोस.
तुझी,
चिमणी

ता. १२ जून

श्री. डॉक्टर यांस,
स. न. वि. वि.

आधी चिमणीवर चिडले होते, आता पाळी तुमची. माझी वस्तू खरवडायची, मला कळवायचंही नाही, आणि दवाखाना विकून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

दुकानदाराने झाकण सोडवून दिलं आणि नवीन बसवा म्हणाला. मी नको म्हटलं. ज्याने ओरखडे पाडले त्यानेच काढावेत. माझी कवळी तुम्ही काचेसारखी गुळगुळीत करून दिलीत. तीही प्लास्टिकचीच ना? झाकण पाठवते आहे. आधी माझं काम, मग तुमची विक्री.

हात कसा आहे हे विचारत नाही. झाकण पाहून कळेलच.

चिमणीला जपा.
आपली,
ताई

ता. ३ जुलै

ति. ताईंस,
सा. न.

अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

जोर लावून घासू नका, हे मी जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं, आणि घरच्याच माणसाने असा दिवा लावला. माझे ओरखडे निघत होते, तुमचं टक्कल निघेना. कवळी चकाकायला हवी, हे झाकण मुळात मंद. शेवटी पॉलिश पेपर ओला करून सबंध झाकणच ओरखड्यांच्या खोलीपर्यंत घासलं, आधी खरखरीत कागदाने, मग बारीक. ओरखडा भरून येत नसतो. भोवतालच्याला त्याच्या पातळीवर यावं लागतं. रोज बोटं ऐकतील तेवढंच केलं. दोनदा झाकण हातातून पडलं. चिमणी उचलायला धावली, तेव्हा तिला बाहेर बसवलं. ती अजून फुगलेली आहे.

कुणाच्या तोंडात हा हात मी आता घालणार नाही. त्यावर वाद नको. खुर्ची त्या तरुणाला दिली. मात्र कवळ्या घासायची मागची खोली देणार नाही म्हटल्यावर तो तापला. व्यवहार सगळ्याचा ठरला होता, म्हणाला. मी त्याच्या हातात तुमचं झाकण दिलं. खिडकीशी नेऊन, तिरकं धरून त्याने पाहिलं आणि ओरखडे कुठे होते असं मलाच विचारलं. त्याच्या पेशंटांच्या कवळ्या आता घासायला माझ्याकडे येतील.

झाकण पोस्टाने पाठवणार नाही. न्यायला तुम्ही या. लेकीची शर्यत एक दिवस आणखी थांबेल. येताना कवळी आणा. तीही टूथपेस्टनेच घासत असणार, हे मला आता कळलंच आहे.

राग आणि लोभ दोन्ही असू द्यावेत.
आपला,
डॉक्टर