औषध आधी आजोबांना

खडकी, पुणे
रविवार सकाळ

आदरणीय हिराताईस,

धाकटा भाऊ दशरथ याचा सविनय जय भीम. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा, दाजींचं कानातलं मशीन आणि तुमच्या दारातलं लिंबाचं झाड हे तिघेही आपापल्या जागी बरे असतील असं धरून चालतो. (मशीन दाजी कानाऐवजी खिशात ठेवतात असं कानावर आलं. इतकी वर्षं तुझ्याशी संसार केलेल्या माणसाला मी दोष देणार नाही.) पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोन असताना कागद कशाला, असं तू म्हणशील. तर ताई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गेल्या रविवारी आपण चाळीस मिनिटं बोललो, त्यात माझ्या वाट्याला 'हो', 'नाही' आणि 'अगं पण' एवढंच आलं. बाकीचं सगळं तुझं, आणि त्यात माझ्या नातीविषयी 'मैत्रीला फरक पडला का?' हा प्रश्न अकरा वेळा होता. त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. दारूगोळ्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. आमचा संजय आणि सूनबाई पायल यांची लेक मैत्री आता सहा वर्षांची झाली. ती स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी ती तीन वर्षांची असतानाच सांगितलं. ती बोलत नाही. गुणगुणते, टाळ्या वाजवते आणि स्वयंपाकघरातली सगळी झाकणं काढून लहान-मोठी अशी ओळीनं लावते. त्यातलं एक झाकण तुझ्या भावजयीनं, कुसुमनं, हळूच उचललं तरी हिला पलीकडच्या खोलीत कळतं. (आमच्या खात्यात याहून कमी नजरेची माणसं बढती घेऊन निवृत्त झाली, मी नावं घेत नाही.) आठवड्यातून दोनदा ती तनयाबाईंच्या वाचा-उपचाराच्या वर्गाला जाते. तिथं तिला चित्रांची कार्डं द्यायला शिकवतात. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड बाईंच्या हातात द्यायचं, की पाणी मिळतं. आठ महिन्यांत हिनं ते कार्ड तोंडात घातलं, सतरंजीखाली सरकवलं, एकदा बाईंच्या पर्समध्ये टाकलं. हातात काही दिलं नाही. मग उपाय सुचवायला लोक पुढे आले.

आपल्या घरात अंगारा, गंडेदोरे आणि नवस यांना छप्पन सालापासून दार बंद आहे. आपल्या वडिलांनी त्या बाबतीत सख्ख्या चुलत्यालाही उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, ते तू पाहिलेलं आहेस. पण तोच अंगारा बाटलीत घालून, वर लेबल चिकटवून, 'दुष्परिणाम नाहीत' असं छापून आणला, की आपण त्याला सोफ्यावर बसवून चहा देतो. शेजारणीनं सोन्याचे थेंब आणले. संजयच्या साहेबांनी उंटिणीच्या दुधाची पावडर दिली आणि आमची कात्रजच्या दुधाची पिशवी बंद करायला सांगितली. कुणी गहू सोडा म्हणालं, कुणी टाळूवर जिरवायचं तेल पाठवलं, आणि चित्त शांत करणारे थेंब तर दोन वेगवेगळ्या घरांतून आले. सगळ्यांत शेवटी तू. तुमच्या पेठेतल्या रावसाहेबांचं चूर्ण डबाभर आलं आणि पाठोपाठ तुझा निरोप, की पोरीला दिवाळीनंतर चाळीस दिवस माझ्याकडे ठेवा, रावसाहेब रोज नाडी बघतील, तारीख मी घेऊन ठेवली आहे. मात्र तेवढे दिवस तो कार्डांचा वर्ग बंद ठेवायचा, कारण दोन उपचार एकमेकांना छेद देतात.

हे ऐकून मी हसलो असतो. पण त्या दुपारी संजय आणि पायल जेवणाच्या टेबलाशी तुझा निरोप समोर ठेवून बसले होते आणि त्यांचा चहा थंड झाला होता. दोघंही शिकलेली. संजय म्हणत होता की याला पुरावा नाही, हे आपल्याला कळतं. त्यावर पायल म्हणाली, "कळतं हो. पण उद्या ती मोठी झाली आणि वाटलं, की एवढं एक करून बघितलं असतं, तर मी काय करू?" मला फार वाईट वाटलं, ताई. लेकरासाठी काही करायचं राहून जाईल या भीतीनं माणूस काय काय गिळायला तयार होतो, आणि गिळायचं मात्र त्या लेकरानं असतं.

म्हणून मी जाहीर केलं की या घरात यापुढे कारखान्याचा नियम चालेल. नमुना तपासल्याशिवाय माल पुढे जाणार नाही. जे येईल ते आधी एकवीस दिवस मी घेणार. मी टिकलो, काही गुण दिसला, तर पुढचा विचार. कार्डशीटच्या चिठ्ठ्या कापून त्यांना दोरे ओवले, अगदी खात्यातल्यासारखे. पिवळी म्हणजे तपासणी चालू, हिरवी म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नामंजूर. संजय आधी हसला, मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला बीपी आहे." पण नको म्हणाला नाही. निर्णय आपल्या डोक्यावरून एकवीस दिवस खाली उतरला याचं दोघांनाही बरं वाटलं असावं. (वेळ काढायचा हाच हेतू होता. सरकारी नोकरीत माणूस एवढं तरी शिकतो.)

आता नमुन्याचे हाल ऐक. सोन्याचे थेंब नक्षत्र बघून घ्यायचे होते, आपल्याला नक्षत्र चालत नाही, म्हणून मी सोमवारी घेतले. गुण एवढाच, की भूक वाढली. लाल चिठ्ठी. उंटिणीचं दूध खारट लागलं. तीन आठवडे प्यायल्यावर कुसुम म्हणाली, मान पूर्वीपासूनच ताठ होती, नवीन काही दिसत नाही. लाल. गहू आणि दूध सोडून ज्वारीची भाकरी आणि कोरा चहा सुरू केला, तेव्हा लक्षात आलं की हे आपलं लहानपणच आहे. त्यानं बुद्धी उघडायची असती तर मी चौथीत नापास झालो नसतो. तेल टाळूवर जिरायच्या ऐवजी उशीत, कॉलरवर आणि बसच्या खिडकीच्या काचेवर जिरलं. खडकी बाजारातल्या न्हाव्यानं, कात्री घसरते म्हणून, मला चार दिवसांनी यायला सांगितलं. शांत करणाऱ्या थेंबांनी मात्र कमाल केली. विहारात वंदना चालू असताना मी बसल्या बसल्या असा काही झोपलो, की समोरच्या एका आजीबाईंना ती समाधी वाटली आणि त्यांनी हात जोडले. पुढे मी घोरायला लागलो आणि कुसुमनं कोपरानं समाधी उतरवली. त्याच आठवड्यात बीपी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी काय काय घेता असं विचारलं, मी यादी सांगितली, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, वय काय? मी म्हटलं, माझं की नातीचं? त्यानंतर ते जे बोलले त्याचा सारांश असा, की ज्याच्यात काय आहे ते माहीत नाही, ते म्हाताऱ्यालाही देऊ नये आणि पोरीला तर नाहीच नाही.

या सगळ्या काळात मैत्री झाकणं लावत होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं. बाटल्यांची रांग लागली तशी ती बाटल्या लावू लागली, लाल चिठ्ठ्यांच्या एकीकडे, पिवळी वेगळी. हिरवी एकही नव्हती. शेवटी तुझ्या चूर्णाचा नंबर आला. ताई, त्याच्या चवीबद्दल मी लिहीत नाही, तू माझ्यापेक्षा मोठी आहेस. रोज सकाळी दारातल्या जाईच्या वेलाजवळच्या बाकावर बसून मी ते पाण्यातून घ्यायचो आणि माझं तोंड जसं व्हायचं तसं व्हायचं. नवव्या दिवशी चमचा ढवळत होतो. मैत्री आतून आली. नेहमीप्रमाणे माझ्याकडे न बघता, शेजारच्या कुंडीकडे बघत, तिनं माझी चमच्याची मूठ उघडली आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. लाल चिठ्ठी होती. आणि तशीच उभी राहिली, मी डबा बंद करेपर्यंत.

मी डबा बंद केला. मग आत जाऊन पायलला सांगितलं.

त्यानंतर घरात कुणाची खैर राहिली नाही. दुधीची भाजी लाल. मिक्सर लाल. गळ्याशी टोचणारा फ्रॉक लाल, जो आम्ही चार महिने रडवून रडवून घालत होतो आणि तिला नुसतं टोचत होतं. संजयचा मोबाइल दोनदा लाल झाला. तनयाबाईंना सांगितलं, तर त्या सतरंजीवरच बसून राहिल्या. म्हणाल्या, नको असलेलं नको म्हणून हातात आणून देणं, हेच तर वर्षभर चाललं होतं; कार्डं माझी नसली म्हणून काय झालं, आता थांबू नका. वर्गाबाहेर स्कूटरजवळ पायल रडली. संजयनं तिच्या हातातलं हेल्मेट धरून ठेवलं. आता मैत्री बाईंचीही दोन कार्डं देते, पाण्याचं आणि केळ्याचं.

तेव्हा तुझ्या अकरा प्रश्नांचं उत्तर असं, की चूर्णानं फरक पडला नाही, कारण ते तिच्या पोटात गेलेलंच नाही. ती बोलत नाही. पुढे बोलेल किंवा नाही बोलणार, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत आणि मीही सांगत नाही. पण तिचं म्हणणं आता आमच्यापर्यंत पोचायला लागलं आहे, आणि एवढी वर्षं तिला म्हणणं होतं हे आमच्या उशिरा लक्षात आलं. दाजींना जय भीम. मशीन कानात घालून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा धाकटा भाऊ,
दशरथ

ता. क. : रावसाहेबांकडची तारीख रद्द कर. हे संजय-पायलनं ठरवलं आहे, मी फक्त लिहितो आहे. दोघांनाही तुझ्याशी फोनवर बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून कारकुनाचं काम माझ्याकडे आलं. मैत्री आमच्याजवळच राहील आणि वर्गाला जाईल. आणि राग येऊ देऊ नकोस, पण गेल्या रविवारी तू फोनवरून 'बोल बाळा, आजी म्हण, एकदा आजी म्हण' असं करत होतीस, तेव्हा फोन अचानक बंद झाला तो रेंज गेल्यामुळे नाही. तू शिवून दिलेल्या गोधडीला मात्र तिनं हिरवी लावली आहे. घरातली पहिली हिरवी. गोधडी धुवायला काढली तर हिच्यापुढे कुणाचं चालत नाही, तेव्हा तशीच एक आणखी शिव आणि स्वतः घेऊन ये. शेजारी बस. 'म्हण' एवढं सोडून वाटेल ते बोल.

ता. क. दुसरा : चूर्ण मी घेतोच आहे. पोट सकाळी साफ होतं, जे गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. येताना आणखी एक डबा आण, पण पिशवीत वर ठेवू नकोस. मैत्रीला दिसायला नको आणि डॉक्टरांना कळायला नको.

ता. क. तिसरा : हे संजय-पायलला ठाऊक नाही, तू सांगू नकोस. कारखान्याचा नियम वगैरे मी वर लिहिलं ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे. थंडीत तू आठवण करून दिली होतीस, की मीही उशिरा बोललो आणि आईनं माझ्या जिभेला वेखंड लावलं होतं. सगळे बाहेर गेले असताना मी ते उगाळलं, मधात कालवलं आणि मैत्रीच्या जिभेला लावलं. तिला उलटी झाली. नंतर तीन दिवस ती माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. तिला सांगता येत नव्हतं, म्हणून मी सुटलो. तेव्हाच ठरवलं की यापुढे या घरातलं प्रत्येक औषध आधी माझ्या तोंडातून जाईल. ती विसरली असेल असं मला वाटत होतं. काल दुपारी जेवून पडलो होतो, उठलो तेव्हा सदऱ्याच्या वरच्या बटणाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती. लाल नव्हती, हिरवीही नव्हती. पिवळी. मी ती अजून काढलेली नाही.