सूर्यचूल आणि आमचा वारा

नारपोली, भिवंडी
१८ फेब्रुवारी १९८८

ती. प्रभाकरराव यांस चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे आणि वहिनींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील. इकडे सर्व कुशल आहे. निदान तुमची सूर्यचूल येईपर्यंत होतं.

भाऊबीजेला लोक बहिणीला साडी देतात, तुम्ही चूल दिलीत. पहिल्या दिवशी नऊला लावलेला भात तीनला शिजला (तरी सौ. सरोजिनीने तो प्रसादासारखा शेजारीपाजारी वाटला). मग मलाही राहवेना. जुन्या टेबलफॅनची पाती आणि सायकलचा डायनामो जोडून मी गच्चीवर पवनचक्की उभारली. तेव्हापासून दोघांची प्रगती वहीत टिपतो आहे. वारा एका बल्बवरून तीनवर गेला. सूर्य अजून वरणापाशीच अडलाय. शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा कापूस उडून काचेवर गोधडीसारखा बसतो, त्याला सूर्य तरी काय करणार! फक्त शुक्रवारी लूमना सुट्टी, त्या दिवशी चूल छोलेसुद्धा शिजवते. नेमका त्याच दिवशी वारा पडतो. लाईट गेली की तेव्हाही पडतो. (भिवंडीची हवाच लहरी.)

आता घरमालक सावळाराम, कारखानाही त्यांचाच, म्हणतात, "मास्तर, पापड वाळवायला जागा न्हाय. होळीनंतर गच्चीवर एकच काय ते ऱ्हाईल. जे जास्त कामाचं, ते ठेवा." (मी जकात नाक्यावर कारकून, पण चष्म्यामुळे ते मला मास्तर म्हणतात.) मी निर्धास्त आहे. वही बोलेलच.

आपला,
चिंतामणी

ता. क. निर्धास्त नाही. चूल सध्या खाली उतरव, असं बहिणीला लिहाल का? तुमचं ती ऐकते. लाईट गेली की ती मेणबत्तीवर शाळेचे पेपर तपासते आणि डोळे चोळते, ते मला बघवत नाही. चक्की त्यासाठीच केली. तिला सांगू नका.

ता. क. २. दादा, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. यांची चक्की सावळारामभाऊंच्या कारखान्याच्या एक्झॉस्ट पंख्यावर फिरते. लूम बंद की वारा बंद! मला पहिल्याच शुक्रवारी कळलं. भाऊ पंख्याचं तोंड फिरवणार होते, मीच हात जोडून थांबवलं. मेणबत्तीचं मात्र आज कळलं आणि रडू आलं. चूल मी शाळेच्या गच्चीवर हलवते आहे. तू चक्की बघायला नक्की ये. फक्त शुक्रवारी येऊ नकोस, त्या दिवशी यांचा वारा सुट्टीवर असतो.
– सरोजिनी