इतिवृत्तातली अडीच मिनिटं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, एवढ्यावरच मी निम्मी लढाई जिंकले. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तुमची खबर मला वहिनींच्या फोनवरून कळते, हे तुला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते नाटक आता पुरे. त्यांना नमस्कार सांग.

कामाचं लिहिते. आपल्या, म्हणजे तुला 'आपल्या' खपणार नाही, तर त्या मेंदूच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतात. इतिहास लिहायचं ठरलं. बत्तीस देशांचे डॉक्टर, एकेकाच्या नावामागे पदव्यांची मालगाडी, पण लिहिणार कोण? तर निवृत्त झालेली कार्यालयातली चिटणीस. "बाई, तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे." झालं. चार महिने मी तळघरातल्या दफ्तरखान्यात शिंकत बसले आहे.

इतिहास समितीच्या प्रमुखांना मी मनातल्या मनात 'सविस्तर' म्हणते. "बाई, अगदी सविस्तर लिहा," असं म्हणतात आणि दाराशी जाऊन वळतात, "पण दोन पानांत बसवा हं." पहिल्या अधिवेशनाला सतरा डॉक्टर होते असं लिहिलं, तर तेवीस घरांतून फोन आले की आमचे वडील त्या सतरांत होते. संस्थापकांचा एकत्र फोटो मागवला, तर एकाने पाठवलेल्या फोटोत तो एकटाच आहे. बोधचिन्हात मेंदू डावीकडून दाखवायचा की उजवीकडून यावर या लोकांनी दोन अधिवेशनं घालवली होती, दादा! शेवटी वरून दाखवला, आणि तो आता अक्रोड दिसतो. हे म्हणे जगाच्या डोक्यांचे राखणदार. डोक्याला ताप नुसता.

हे सगळं चालून गेलं असतं. पण एकतिसाव्या अधिवेशनाशी येऊन माझं पेन अडलंय, त्याला तीन आठवडे झाले.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी एकदा कागदावर नीट मांडू दे. ठराव असा होता की ज्याला आयुष्यात एकदा जरी फिट आली असेल त्याला जबाबदारीच्या जागी नेमू नये, अशी शिफारस संघटनेने सगळ्या सरकारांना करावी. तू विरोधात बोललास आणि विरोधात हात वर केलास. एकट्याने. आणि मी इतिवृत्तात लिहिलं, "ठराव एकमताने मंजूर."

इतिवृत्त टपालाने घरी आल्यावर तू तडक कार्यकारिणीच्या बैठकीत येऊन थडकलास. अध्यक्षांनी, दोन मिनिटं झाली की वक्त्यावर घंटा बडवणाऱ्या आपल्या घंटावाल्यांनी, मला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, यांचा हात वर झालेला तुम्ही पाहिलात?" मी म्हटलं, "नाही." दोघेजण म्हणाले की आम्हाला पाहिल्यासारखं वाटतं, पण तिथली रीत तुला माहीत आहे. वहीत नाही ते घडलंच नाही. तू राजीनामा टेबलावर ठेवलास आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. "सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला, तोही खुर्चीसाठी," असं तू घरी जाऊन म्हणालास. वहिनींनी सांगितलंय मला.

मी खोटं बोलले नव्हते रे. मी खरंच पाहिला नव्हता.

मग कुठे बघत होतीस, असं आता विचारशील. तेव्हाच का नाही विचारलंस? एकोणीस वर्षं! मेंदूचा डॉक्टर ना तू? आपली बहीण वही सोडून दुसरीकडे बघत नाही, हे तुला माहीत नव्हतं? एक साधा प्रश्न तुझ्या तोंडून... जाऊ दे. तुझ्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून चिडतेय.

सांगते. अकराव्या वर्षापासून मला फिट यायच्या, हे घरात चौघांना माहीत होतं. आई-बाबा गेल्यावर उरलो आपण दोघं. वहिनींनाही तू कधी सांगितलं नाहीस. दर महिन्याला गोळ्या लिहून द्यायचास आणि विचारायचास, "घेतेस ना?" मी हो म्हणायचे. त्या अधिवेशनाआधी दोन महिने मी त्या बंद केल्या होत्या. नऊ वर्षांत एकदाही काही झालं नव्हतं, आणि गोळ्यांनी डोकं असं जड व्हायचं की तिघं एकदम बोलायला लागले की माझा हात मागे पडायचा. वाटलं, झाले बरी. तुला विचारलं असतं तर तू मला खाऊ की गिळू केलं असतंस.

तू उभा राहिलास. "अध्यक्षमहोदय, मी एका व्यक्तीला" एवढं वहीत आहे. त्यापुढे एक रेघ आहे, वेडीवाकडी, पानाच्या तळापर्यंत गेलेली. त्यानंतरचं मला आठवतं ते कपबश्यांचा आवाज आणि उठणारी माणसं. अडीच मिनिटं असतील. समोर साठ मेंदूचे डॉक्टर, आणि चार हातांवर बसलेल्या बाईला फिट येऊन गेली तरी एकालाही पत्ता नाही! तुझी माझ्याकडे पाठ होती. घंटावाले घड्याळाकडे बघत होते. शेजारच्यांना विचारलं, "काय झालं?" ते चहाकडे निघता निघता म्हणाले, "झाला की मंजूर. सगळ्यांचे हात वर." मी ते लिहून टाकलं.

मग तू येऊन थडकलास. खरं सांगितलं असतं तर त्याच ठरावाने माझी जागा गेली असती, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आले. पण ते नंतर सुचलेलं आहे. आधी भीती वाटली ती एवढीच, की गोळ्या बंद केल्याचं दादाला कळेल. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि भीती शाळकरी पोरीची. एक दिवस गेला, मग महिना, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही. गोळ्या त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा सुरू केल्या. आठ वर्षांनी तो ठरावही संघटनेने गुपचूप मागे घेतला. तुझंच बरोबर होतं, हे तुला कळवायची तसदी कोणी घेतली नाही. मीसुद्धा नाही.

गेल्या मंगळवारी समितीची बैठक झाली. 'सविस्तर' म्हणाले, "एकमताने राहू द्या, बाई. जुनी गोष्ट आहे, शिवाय शब्द वाचतात." मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, वही पुढे ठेवली. मग एकाने हळूच विचारलं, "त्याआधी कसला वास आला होता का?" दुसरे म्हणाले, "ओठ हलत होते?" तिसऱ्यांनी वही खिडकीशी नेऊन रेघ उजेडात धरली. "फिट मेंदूच्या डाव्या बाजूची असावी." "छे, उजव्या!" जुंपली. वीस मिनिटं, दादा! शेवटी मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "ठेवा ती रेघ खाली! मी एका माणसाचं मत खाल्लंय, त्याचं काय ते बोला."

तेव्हा कुठे नियम निघाला. इतिवृत्त दुरुस्त करायला लिहिणारीची लेखी कबुली लागते आणि ज्याच्याबद्दल चुकीचं लिहिलं गेलं त्याची सही लागते. महिनाअखेरीला पुस्तक छपाईला जाईल. माझी कबुली मी आजारासकट देऊन टाकली आहे. बत्तीस देश वाचोत. पण तुझी सही नसेल तर 'एकमताने' तसंच राहील, आणि तूही त्यांच्यातलाच एक होतास असं लोक कायमचं वाचतील. ते मला सोसणार नाही.

माझं चुकलं, दादा. मला माफ कर. हे वाक्य तीनदा खोडलं, कारण दर वेळी पुढे 'पण' येत होतं. आता येत नाहीये.

एकच मागणं आहे. तुझं भाषण मी ज्याला ज्याला विचारते तो म्हणतो, "फार चांगलं बोलले होते, काय ते आठवत नाही." तू कोणासाठी बोलत होतास हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि त्या सभागृहात ते न ऐकलेली मी एकटीच. सही टपालाने पाठवू नकोस. ये. माझ्यासमोर बस आणि "मी एका व्यक्तीला" याच्या पुढचं सांग.

शब्द न् शब्द लिहून घ्यायला बसलेली,
तुझी धाकटी बहीण