लॅव्हेंडर आणि माझा शांत स्वभाव

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून ओरडणं बंद. मुळात मी ओरडत नाहीच, ठाम बोलतो. पण माझ्या बायकोला, मैत्रेयीला, ऑफिसने पुण्याची बदली देऊ केलीय. ३० तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. घरात अशीच आरडाओरड राहिली तर स्मृतीला घेऊन पुण्याला जाईन, असं तिने काल सांगून टाकलं. सात वर्षांच्या मुलीसमोर बोलायची गोष्ट आहे का ही! तसं मी तिला ठामपणे म्हटलं. खालच्या अहल्या अक्का काय झालं बघायला वर आल्या. भोचकपणाचा कळस.

७ जून, शनिवार
कोरमंगलात अरोमाथेरपीचं वर्कशॉप. इलेक्ट्रॉनिक सिटीहून दीड तास. वाटेत तीन रिक्षावाल्यांशी आणि एका बसशी ठाम बोललो.
दिव्यश्री नावाची बाई शिकवत होती. म्हणे, सुगंधाने मन सैलावतं, झोप बरी लागते, पण स्वभावाला हे औषध नाही. आणि थेंब तीनच. शिकवणारीनेच कच खाल्ली तर लोकांनी काय करायचं? डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास घरभर सोडणारं विजेचं यंत्र, आणि लॅव्हेंडर तेल घेतलं. राग चढतोय वाटलं की लगेच बटण दाबायचं. ही माझी स्वतःची सिस्टिम.

८ जून, रविवार
झोप खरंच छान लागली. स्वभावाला औषध नाही म्हणे! दिव्यश्रीला काही कळत नाही.

११ जून, बुधवार. संध्याकाळी ७
स्मृतीच्या दप्तरात परवाचा दहीभात. शी! डबा उघडताच राग चढला. डिफ्युझर लावला, पंधरा थेंब टाकले. वास नाकात भिनेपर्यंत बोलणं भाग होतं, बोललो. भिनायला किती वेळ लागतो, हे बाटलीवर छापायला काय झालं?

१७ जून, मंगळवार
चमत्कार! मी बटण दाबलं की स्मृती आपणहून टीव्ही बंद करते, खेळणी उचलते, आत जाऊन पुस्तक उघडते. चकार शब्द नाही. लहान मुलांवर लॅव्हेंडर लवकर काम करतं. मैत्रेयीला दाखवलं. ती उठून स्मृतीजवळ जाऊन बसली. कौतुक करणं हिच्या जिवावर येतं.

१९ जून, गुरुवार
उशीला लॅव्हेंडर, रुमालाला लॅव्हेंडर, आज पोळीलाही. डोकं ठणकतंय, मळमळतंय. मैत्रेयी म्हणते, थेंब कमी कर. मी म्हटलं, आतला राग बाहेर पडतोय. खिडक्या उघडल्या म्हणून तिच्यावर थोडा बाहेर पडला.

२२ जून, रविवार
अक्कांकडे जेवायला. यांचं घराणं तीनशे वर्षं इथलंच, मराठीत निम्मं कन्नड. हात धुवून आल्यावर स्मृती एकदम अक्कांच्या हॉलमधले पेपर गोळा करायला लागली. अक्कांनी विचारलं, का गं? तर तुमच्याकडे कोण रागावलंय, असं ती हळूच म्हणाली. अक्का हसल्या. इथं कोण रागावणार पुट्टी, नवा साबण आहे तो, लॅव्हेंडरचा, ये, स्वल्प पायसा घे, थोडी खीर, म्हणाल्या. मग त्यांचं हसू थांबलं. मैत्रेयी ताटाकडे बघत राहिली.
कोणीतरी पढवलंय पोरीला. घरी गेल्यावर विचारणार.

२३ जून, सोमवार
विचारलं नाही. ऑफिसमध्ये काम फार होतं.

२९ जून, रविवार
डिफ्युझर, तेल, सगळं कचऱ्यात. भिकार वास. मैत्रेयीला म्हटलं, घे, कारणच संपवलं, आता नकार कळव. बघू म्हणाली.

३० जून, सोमवार
सकाळी स्मृती टेबलामागे, सोफ्याखाली डिफ्युझर शोधत होती. फेकला म्हटल्यावर रडायला लागली. मी विचारलं, इतका आवडायचा का वास? नाही म्हणाली. मग आता तू रागावणार हे आधी कसं कळणार, असं तिने विचारलं.
मला स्वतःची किळस आली. मैत्रेयीने तिला जवळ घेतलं, आणि थोड्या वेळाने पुण्याला होकार कळवला.
शाळा सोडल्याच्या दाखल्याला वडिलांची सही लागते. उद्या दहाला सही करायला जायचंय.