तळ्याला रांग नव्हती

दादा,

तुझ्या तळ्यापाशी रांग नव्हती, ही माझी पहिली तक्रार. रांग नसली की पुढे बघण्यासारखं काही आहे, हे माणसाला कळणार कसं? दर सुट्टीत थीम पार्क करून आमची नजरच तशी झालीय.

"काका, तळं किती वाजता सुरू होतं?" माझ्या धाकटीने विचारलं, तेव्हा तू धाप लागेपर्यंत हसलास. मी हसलो नाही. मीही वाटच बघत होतो.

मग म्हणालास, "पुढच्या सुट्टीला मी असेन-नसेन. अर्धा तास बस की रे माझ्याजवळ." दहा मिनिटांत कंटाळून मी गाडी काढली.

तू गेल्यावर आज पहिल्यांदा आलो. बघायचं काय, ते अजून कळत नाही आणि सांगायला तू नाहीस. उरलेली वीस मिनिटं तुझ्या बाकावर बसलो.

तुझं शेंडेफळ